दुपटं जरा मोठं कर

टण्ण.

दुपारच्या गप्पगार घरात सुई फरशीवर पडली आणि श्रुतिका जागच्या जागी दचकली. सुई एकदा उडाली, घरंगळली आणि पलंगाखाली गडप झाली.

"गार्गी, पलंगावर उड्या मारायच्या नाहीत असं सांगितलं होतं ना?"

"मी नाही मारली. पलंगानं मारली."

श्रुतिकाला हसू येईना. तिच्या मांडीवर पिवळ्या लोकरीचं दुपटं होतं आणि वरच्या कडेची अख्खी ओळ उघडी पडली होती. टाके सुईवरून सुटून आ वासून बसले होते. एक जरी ओढला गेला तर खालचे भराभर उसवत जातील, म्हणून तिनं दोन्ही हातांनी ती कड चिमटीत धरली आणि अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी ती गच्च बसून राहिली.

"खाली जा आणि सुई आण. हळू आण. मला आता हलता येत नाही."

पाच वर्षांची गार्गी लगेच पोटावर पडून पलंगाखाली सरकली. असली कामं तिला फार आवडायची.

घर भांडुपचं, श्रुतिकाच्या नणंदेचं. दिशाला सातवा महिना लागला होता आणि ती आंघोळीला गेली होती. आतून पाण्याचा आवाज येत होता. श्रुतिका चारकोपहून गार्गीला घेऊन सकाळीच निघाली होती, आरेतल्या झाडांमधून रिक्षानं. सोबत सासूबाईंनी दिलेला डबा आणि पिशवीत हे दुपटं.

हे दुपटं म्हणजे एक प्रकरणच होतं. दिशाला याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं होतं. दुसऱ्या वेळी तर नलिनीबाईंनी, म्हणजे दिशाच्या आईनं आणि श्रुतिकाच्या सासूनं, झबली-टोपडी शिवून कपाटात घड्या घालून ठेवली होती. ते सगळं एका पिशवीत बांधून कुणाला तरी देऊन टाकावं लागलं. म्हणून या खेपेला त्यांनी बजावलं होतं, आधी बाळ, मग बाळंतविडा. घरात लोकरीचा गुंडासुद्धा आणायचा नाही.

पण श्रुतिकाला राहवेना. बाळंतविड्यातलं दुपटं मामीच्या हातचं असावं, अशी तिच्या माहेरची रीत. चारकोप गावातल्या एथेल आंटींकडून ती विणायला शिकली होती, ते गार्गीच्या वेळी. आता पुन्हा सुया काढल्या. गार्गीची शाळेची बस येईपर्यंत फाटकाशी चार ओळी, कुकरच्या दोन शिट्यांमध्ये एक ओळ, असं चोरून चालायचं. एक दिवस सासूबाईंनी पकडलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी दुपटं हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "विण. पण शेवटची ओळ मिटवू नको हां. बाळ घरात आल्याबिगर सुई काढायची नाय. पुरं झालेलं काही आधी घरात असता नये."

तेव्हापासून दुपटं सुईवरच होतं. विणून कधीच झालं होतं खरं तर. पण मागच्या आठवड्यात दिशाचा मेसेज आला, वहिनी, दुपटं जरा मोठं कर ना. किती मोठं, तर म्हणे अजून दोन वीत तरी. श्रुतिकानं लिहिलं होतं, अगं ते बाळ आहे, कॉलेजला नाही जायचंय त्याला. दिशानं त्यावर नुसता हसरा चेहरा पाठवला, आणि थोड्या वेळानं परत लिहिलं, प्लीज मोठं कर.

ओळ उघडी होती म्हणून तर वाढवता येत होतं. श्रुतिका वाढवत होती.

"मिळाली का गं?"

"नाही. इथे एक चप्पल आहे." पलंगाखालून आवाज आला. "एक डबा आहे. आणि आई, इथे एक पोट आहे."

"काय आहे?"

"पोट. आत्याचं."

गार्गी ढुंगण आधी बाहेर काढत मागं सरकली, आणि तिच्यामागून फरशीवरून घासत ते आलं. त्वचेच्या रंगाचं. मधे फुगीर, कडेला सपाट. दोन्ही बाजूंना रुंद पट्टे आणि पट्ट्यांच्या टोकाला ते चर्र करून निघणारं चिकटवायचं. आत स्पंज होता, कारण गार्गीनं ते दाबलं तेव्हा ते आत गेलं आणि पुन्हा हळूच फुगलं.

श्रुतिकाच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की हा कंबरेचा पट्टा असणार, डॉक्टरनं दिलेला. दुसऱ्यांदा काहीच आलं नाही. ती त्या वस्तूकडे बघत राहिली आणि तिला बेंबी दिसली. मधोमध एक बारीकशी बेंबीसुद्धा काढली होती कुणीतरी.

"बघ, मला होतंय." गार्गीनं ते फ्रॉकवरून बांधलंही होतं. पट्टे तिच्या भोवती दोनदा गेले. पाठीवर हात ठेवून, पाय फाकवून ती खोलीतून चालायला लागली, हुबेहूब दिशासारखी. "आई गं, कंबर. वहिनी, जरा पाणी देतेस?"

"काढ ते."

"थांब ना."

"गार्गी, काढ ते आणि होतं तिथं ठेव. लवकर."

पण गार्गी ऐकेना. उठून पोरीला धरावं, तर हात त्या कडेला अडकलेले. त्याही अवस्थेत बोटांनी टाके सोडले नाहीत, याचं तिला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. आणि तेवढ्यात आतला पाण्याचा आवाज थांबला. कडी वाजली.

दिशा बाहेर आली ती ओले केस टॉवेलात गुंडाळून, सैल गाऊनमध्ये, एक हात पोटाखाली धरून. दारातच थबकली. खोलीच्या मधोमध गार्गी तशाच पोझमध्ये उभी होती. आत्या आणि भाची, दोघी पोटुशा, समोरासमोर.

बाहेर कुठंतरी कुणी गाडी रिव्हर्स घेत होतं, त्याची पिपाणी वाजत राहिली आणि बंद झाली.

"हे तुझं जुनं पोट आहे का?" गार्गीनं विचारलं.

दिशानं श्रुतिकाकडे पाहिलं. श्रुतिकानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून आलं, "माझी सुई पडली."

"काय?"

"सुई पलंगाखाली गेली. ती शोधायला गेली होती ही."

दिशा हळूच खाली वाकली. सातव्या महिन्यातली बाई वाकते तशी नाही, साधी, झटकन वाकली, पलंगाखाली हात घालून सुई काढली आणि श्रुतिकापुढे धरली. श्रुतिकाला हात सोडवता येईना, तेव्हा तीच शेजारी बसली आणि एकेक टाका सुईवर चढवायला लागली. तिला विणता येत नव्हतं. काही टाके उलटे चढले. श्रुतिका बघत होती.

दिशाचा दंड तिच्या दंडाला लागत होता. श्रुतिकाला एकामागून एक आठवायला लागलं. मागच्या महिन्यात तिनं पोटाला हात लावायला म्हणून पुढे केला, तेव्हा दिशा मागं सरली होती. हात थंड आहे गं वहिनी तुझा. सोनोग्राफीचे फोटो कधी दाखवले नव्हते, दृष्ट लागते म्हणून. डोहाळजेवण नको म्हणाली, आधीचा अनुभव वाईट म्हणून. बाळंतपणाला माहेरी नाही, नाशिकला नवऱ्याच्या, अनिरुद्धच्या बहिणीकडे जाणार, तिथली डॉक्टर चांगली म्हणून. सासूबाई त्या नाशिकवरून दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

आणि गार्गी. गार्गीनं मागच्या वेळी त्या पोटाला तोंड लावून बाळाला अर्धा तास सगळं सांगितलं होतं, शाळेतल्या मैत्रिणीचं भांडण, कुठला दात हलतोय, सगळं.

"दिशा," ती म्हणाली, "आत काहीच नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"कधीच नव्हतं, वहिनी."

श्रुतिकाला वाटलं, आपण आता रागवायला पाहिजे. राग शोधायला गेली तर हाती लागेना. कुणी खुर्ची काढून घ्यावी आणि आपण पडत असताना खाली जमीनच नसावी, तसं काहीतरी झालं होतं.

"तुला आठवतं मुलुंडचं?" दिशा टाक्यांकडे बघत म्हणाली. "केयूरदादाच्या बायकोचं डोहाळजेवण. ओटी भरायला पाच जणी उभ्या होतो. माझी पाळी आली आणि आईनं माझ्या हातातलं तबक काढून घेतलं. तू राहू दे गो दिशा, उगाच कशाला. माझ्या आईनं."

"त्यांच्या मनात तसं काही..."

"मनात काय होतं ते मला माहितीये. तिला भीती वाटली, माझी नजर लागेल. मी तिची मुलगी, आणि तिला माझी भीती वाटली." दिशाचा आवाज सपाट होता. "दत्तकाचा अर्ज आम्ही खूप आधीच केला होता. कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात संस्थेतल्या मॅडमचा फोन आला, आता तुमचा नंबर जवळ आलाय. मला वाटलं, देवानंच रस्ता दाखवला. बाळ येणारच आहे, मग कुठून आलं ते कशाला कुणाला कळायला हवं. आईला फोन केला आणि सांगितलं, दिवस गेलेत म्हणून. ती इतकी रडली ना. मग मागं फिरताच येईना."

"आणि अनिरुद्ध?"

"तो नको म्हणत होता. पण माझं तोंड बघून गप्प बसला. ही पोटंसुद्धा त्यानंच मागवून दिली. ते पाचव्या महिन्याचं आहे." तिनं गार्गीकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःकडे. "हे सातव्याचं. नवव्याचं कपाटात आहे."

खोटं एवढं नीट घडी घालून ठेवलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"मग आता?"

दिशानं उशीखालून फोन काढला, काही तरी उघडलं आणि श्रुतिकापुढे धरला. फोटो होता. भिंतीला टेकवून बसवलेली एक मुलगी. डोक्यावर काळंभोर जावळ, अंगात तिच्या मापापेक्षा मोठा फ्रॉक, खालच्या हिरडीत दोन दात. कॅमेऱ्याकडे ती अशी बघत होती, जणू समोरच्यानं काहीतरी घेतलंय आणि ते ती परत मागणार आहे.

"आठ महिन्यांची आहे," दिशा म्हणाली. "आम्ही धरून चाललो होतो, तान्हं मिळेल. महिना दीड महिन्याचं. नाशिकहून घेऊन आलो असतो. आता ही बसते, वहिनी. हिला दात आहेत. नाशिकला जाऊन मी दात आलेलं बाळ कसं आणू?"

"कधी आला हा फोटो?"

"मागच्या आठवड्यात. उद्यापर्यंत कळवायचंय. हो म्हटलं तर सगळ्यांसमोर उघडी पडते. नाही म्हटलं तर हिला दुसऱ्या कुणाला दाखवतील आणि आम्ही परत थांबायचं, लहान मिळेपर्यंत." तिनं फोन उलटा ठेवला. "अनिरुद्ध सकाळी काय म्हणाला सांगू? म्हणाला, खोटं बोलायला मी तुझ्याबरोबर आलो. हिला नको म्हणायला येणार नाही. ते तुझं तू म्हण."

श्रुतिका दुपट्याकडे बघत होती. खालचा मूळ चौकोन, आणि त्यावर मागाहून वाढवलेल्या दोन विती. लोकरीचा लॉट वेगळा मिळाला होता, त्यामुळं पिवळा रंग तिथून किंचित गडद होत गेला होता. नीट पाहिलं तरच कळायचं.

"मागच्या आठवड्यात फोटो आला," ती सावकाश म्हणाली, "आणि मागच्या आठवड्यात तू मला मेसेज केलास, मोठं कर म्हणून."

दिशानं दुपट्याची कड बोटानं सरळ केली.

"तुला लहान हवं असतं, तर दुपटं पुरेसं होतं की."

"मला माहीत नाही मी का पाठवला तो," दिशा म्हणाली आणि तिनं डोक्यावरचा टॉवेल ओढून तोंडावर घेतला. तिचे खांदे हलायला लागले. पोट मात्र हललं नाही. ते तसंच घट्ट, गोल, बघत बसल्यासारखं राहिलं, आणि श्रुतिकाला ते पाहवेना.

गार्गी इतका वेळ कोपऱ्यात बसून ऐकत होती. आता तिनं चर्र करून पट्टा सोडला आणि ते जुनं पोट आणून आत्याच्या पायाशी ठेवलं.

"मग मी बोलले ते बाळाला ऐकू नाही गेलं?"

"नाही गं राणी," दिशा टॉवेलाआडून म्हणाली. "पण मी ऐकलं ना सगळं."

"तुला नव्हतं सांगितलं."

तेवढ्यात श्रुतिकाचा फोन वाजला. चारकोपहून. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या बघण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात गार्गीनं उचलला आणि स्पीकरवरही टाकला. तिला आजीशी नेहमी तसंच बोलायचं असायचं.

"पोचलात काय गो? डबा खाल्ला का तिनं?" नलिनीबाईंचा खणखणीत आवाज खोलीभर झाला.

"आजी, मी आत्याचं पोट घातलं होतं."

"काय घातलं होतंस?"

"पोट. आत्याकडे तीन आहेत. एक कपाटात आहे."

पलीकडे हसू फुटलं. "ऐकलंस गो श्रुतिका? पोरगी काय एकेक बोलते. उशी बांधून खेळतेय वाटतं. दिशाला त्रास देऊ नको हां बाळा, तिला पडून राहू दे."

सुटलो, असं श्रुतिकाच्या मनात आलं. तिचा हात फोन बंद करायला पुढे गेलासुद्धा. पण दिशानं तो मधेच धरला. टॉवेल खाली पडला होता. ओले केस चेहऱ्याला चिकटले होते.

"आई," ती फोनकडे वाकून म्हणाली, "ती खेळत नाहीये."

आणि तिनं सांगितलं. रडली नाही, थांबली नाही. मुलुंडचं तबक, अर्ज, पट्टे, नाशिक, दोन दात. एकेक वाक्य टाक्यासारखं मोजून. पलीकडून काहीच येत नव्हतं. मधे एकदा चारकोपच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली, म्हणजे फोन चालू होता.

दिशाचं बोलून संपलं. तरी काही नाही.

"आई?"

"सुनेकडे दे."

श्रुतिकानं फोन उचलून कानाला लावला.

"तुका ठाऊक होता?" सासूबाईंची बोली फक्त रागात आणि रडताना मालवणीवर जायची. यातलं आता कुठलं चाललंय, ते तिला कळेना.

"आत्ता कळलं, आई. अर्ध्या तासापूर्वी."

"खोटा बोलू नको."

"गार्गीची शपथ."

नलिनीबाई म्हणाल्या, अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं, "मी गावाक गाऱ्हाणा घालूक सांगितलंय. देवीसमोर नारळ ठेवलोय. तो आता कोणाच्या नावान फोडू?"

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज झाला.

"ता तबक," त्या म्हणाल्या. "ता ती अजून धरून बसलीहा?"

"हो."

फोन बंद झाला. ठेवला की तुटला, कळायला मार्ग नव्हता.

दिशानं विचारलं नाही, आई काय म्हणाली. ती उठली, आतल्या खोलीत गेली. चर्र असा एक मोठा आवाज आला. परत आली तेव्हा गाऊन तिच्या अंगावर लोंबत होता आणि ती एकदम बारीक दिसत होती. हातात फोन होता. अनिरुद्धला तिनं एवढंच लिहिलं होतं, हो कळव. पाठवायचं बटण तिनं दाबलं.

मग ती भिंतीला टेकून फरशीवरच बसली. अगदी फोटोतल्या मुलीसारखी, पाय पुढे टाकून.

श्रुतिकानं सुई उचलली. दिशानं उलटे चढवलेले टाके एकेक करून सुलटे केले आणि पुढची ओळ सुरू केली. करण्यासारखं दुसरं काही तिला दिसत नव्हतं. घरी गेल्यावर सासूबाई दार उघडतील तेव्हा त्यांच्या तोंडावर काय असेल, नवऱ्याला, निलेशला काय सांगायचं, सोसायटीत आजवर झालेल्या गाजावाजाचं काय करायचं, हे सगळं डोक्यात एकदम आलं आणि एकदम बधिर झालं. हात मात्र चालत होते. ओळ मिटवायची नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं. बाळ अजून घरात आलं नव्हतं.

गार्गी आत्याच्या मांडीत जाऊन बसली होती. आता तिथं बसायला जागा होती. दोघी मिळून फोनमधला फोटो बघत होत्या.

"हिला दोनच दात आहेत."

"अजून येतील."

"ही तुझ्या पोटात नव्हती."

"नाही."

"मग कुणाच्या पोटात होती?"

दिशानं श्रुतिकाकडे पाहिलं. श्रुतिकाची सुई थांबली. "दुसऱ्या एका आईच्या," ती म्हणाली.

गार्गीनं जरा विचार केला. मग उठून श्रुतिकाजवळ आली, दुपट्याचं एक टोक हातात घेतलं आणि गालाला लावून पाहिलं, मऊ आहे की टोचतंय ते. टोचत नसावं. तिनं ते खाली ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "हे तर अजून झालंच नाहीये. मग त्या आईनं हिला काय पांघरलं होतं?"